मोडायचं तेव्हा मोडावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तंगीच्या दिवसांत घरखर्च कसा सांभाळावा यावर आलेला लेख वाचला. बाहेरचं खाणं कमी करा, नको असलेली ओटीटी बंद करा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा, हे सगळं पटलं. पण शेवटी ‘काहीही झालं तरी बचतीला हात लावू नका’ असं बजावलं आहे. हे पत्र फक्त तेवढ्या वाक्यासाठी आहे, कारण आमच्या घरात त्याची किंमत दोनदा मोजली गेली. दुसऱ्या वेळी ते वाक्य माझ्याच तोंडचं होतं.

पहिली वेळ १९८२ची. वडील गिरणीत कामाला होते आणि आम्ही लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत होतो. १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. होळीपर्यंत मिटेल, फार तर गुढीपाडव्यापर्यंत, असं चाळीत जो तो म्हणत होता. तो संप रीतसर मागे घेतला असं शेवटपर्यंत कुणी जाहीर केलं नाही, पण जानेवारीत हे कुणाला ठाऊक होतं?

आईकडे दोन तोळ्यांच्या पाटल्या होत्या, अडीनडीला म्हणून ठेवलेल्या. त्यांना हात लावायचा नाही असं ठरवून तिने मार्चमध्ये चाळीतल्याच एका गृहस्थांकडून पाचशे रुपये उचलले. दर शेकडा पाच. मे महिन्यात आणखी पाचशे. हल्लीच्या मुलांना ‘शेकडा’ कळत नाही म्हणून सांगते. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच, म्हणजेच वर्षाला ६० टक्के. तोंडाने पाच म्हटलं की पाचच वाटतात, ही त्यातली मेख. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज होतं.

आईची हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. शाळेची दोनशे पानी वही आडवी धरून लिहिलेली. रॉकेल, चहापूड, गावाहून आलेल्या तांदळाचं एसटीचं भाडं, धाकट्याच्या चपलेचा अंगठा शिवून घेतला त्याचे चाळीस पैसे. अधूनमधून फक्त ‘व्याज’ एवढाच शब्द, पुढे आधी २५ आणि मेपासून ५०. दिवाळीपर्यंत ती बेरीज ३५० झाली. वडिलांच्या जवळजवळ अर्ध्या पगाराएवढी. मुद्दल जिथल्या तिथे, पूर्ण एक हजार. त्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात आईने पाटल्या मोडल्या, देणं फेडलं आणि उरलेल्यात पुढचे काही महिने निघाले. पुढे कित्येक वर्षं ती म्हणायची, “मोडायच्याच होत्या, तर मार्चातच मोडायला हव्या होत्या. पाटल्या तर गेल्याच, वर साडेतीनशे गेले.”

आता सोनं लाखाच्या पुढे गेल्यापासून माझा भाचा त्या दोन तोळ्यांचा आजचा भाव काढून हळहळतो. त्याला मी एवढंच विचारते की त्या वर्षी आम्ही काय खायचं होतं?

दुसरी वेळ गेल्या वर्षीची. मुलाची ऐरोलीतली नोकरी गेली. सूनबाईच्या पगारातून घराचा हप्ता आणि नातवाची फी भागत होती, वरचा खर्च मुलगा बघतो म्हणाला. त्याच्या नावावर तीन लाखांच्या ठेवी होत्या, एकेक लाखाच्या तीन पावत्या. नोकरी गेली त्या रात्रीच मी त्याला म्हटलं होतं, “बाळा, एफडीला मात्र हात लावू नकोस हं.” तो आज्ञाधारक आहे. त्याने हात लावला नाही. किराणा, वीजबिल, पेट्रोल, नातवाच्या शाळेची सहल, सगळं क्रेडिट कार्डावर टाकत गेला आणि दर महिन्याला बिलावर लिहिलेली ‘मिनिमम ड्यू’ रक्कम तेवढी भरत राहिला. सहाव्या महिन्यात प्रिंटरमध्ये अडकलेला एक कागद ओढून काढताना मला ते बिल दिसलं. थकबाकी एक लाख चाळीस हजार.

त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे आमच्या भाषेत शेकडा साडेतीन. १,४०,००० वर ४,९०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८८२. एकूण ५,७८२. किमान रक्कम म्हणून तो सात हजारांच्या आसपास भरत होता, त्यातले जेमतेम बाराशे मुद्दलात जात होते. शिवाय थकबाकी मागे राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासूनच व्याज. आणि ज्या तीन लाखांना हात लावायचा नव्हता, त्यांचं सात टक्क्यांनी व्याज महिन्याला किती? १,७५०. एका हाताने साडेसतराशे घेत होतो आणि दुसऱ्या हाताने पावणेसहा हजार देत होतो. याला आम्ही बचत म्हणत होतो!

दुसऱ्या दिवशी दोन पावत्या मोडल्या. मुदतीआधी मोडल्याचा दंड आणि कमी झालेलं व्याज धरून सगळं मिळून दोन हजारांच्या आत गेलं, म्हणजे कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजाच्या निम्मंसुद्धा नाही. कार्ड फेडलं, साठ हजार घरात उरले, तिसरी पावती तशीच राहिली. तीन लाखांची एकच पावती असती तर सगळीच मोडावी लागली असती. ठेवींचे असे तुकडे करून ठेवायची सवय आमच्या ‘ह्यां’ची. तेव्हा मी त्याला चिकटपणा म्हणायचे. असो.

मोडण्याऐवजी ठेवीवर कर्जही मिळतं, ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. पैसे दोन महिन्यांत नक्की येणार असतील तर ते बरं. सोनेतारणही बँकेत शेकडा पाऊणच्या आसपास होतं, चाळीतल्या शेकडा पाचच्या मानाने फारच सुसह्य. पण येणं नक्की नसेल तर गहाण ठेवून वाट बघणं म्हणजे पुन्हा १९८२च. तारण ठेवलेल्या दागिन्यांच्या लिलावाच्या नोटिसा आपल्याच वृत्तपत्रात बारीक टायपात येतात. मी त्या वाचते.

जे मोडू नये तेही सांगते, कारण मुलाने नेमकं तेच मोडलं होतं. त्याने कार्डाचे सात हजार भरता यावेत म्हणून मेडिक्लेमचा हप्ता चुकवला. सवलतीचे दिवस संपायच्या आत आम्ही तो भरला. पॉलिसी एकदा बंद पडली की नवीन घेताना जुन्या दुखण्यांसाठीचा थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि सूनबाईला थायरॉईड आहे. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा. तंगी आहे म्हणून खात्यात तेवढीही शिल्लक न ठेवणारे लोक मी पाहिलेत.

आणि मोडायची वेळ येईल तेव्हा मोडता येईल अशा जागी पैसे असले पाहिजेत. आमचेच ऐंशी हजार एका पतसंस्थेत चार वर्षं अडकले आहेत. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवले होते. बँकेतल्या ठेवींना ४ फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, त्याआधी एक लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. पावती दोन्हीकडची सारखीच दिसते, दोन्हीकडे काउंटरवर गणपती असतो.

ज्यांच्याकडे मोडायला काहीच नाही त्यांनी काय करायचं, असं कुणी विचारेल. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी याचं उत्तर मला न विचारताच दिलं. मोबाइलवरच्या एका अॅपवरून त्यांच्या मुलाने पाच हजार घेतले, हातात आले चार हजारांहून कमी. मावशींनी बचत गटातून शेकडा दोनने पैसे उचलून ते आधी मिटवले. “ताई, गटाचं व्याज निदान गटातच राहतं,” म्हणाल्या. शेकडा दोन काही कमी नाही, वर्षाला चोवीस होतात, पण शेकडा किती हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या इंजिनीअर मुलाला स्वतःच्या कार्डाचा दर सहा महिने माहीत नव्हता. दुकानात ‘झिरो टक्के हप्ता’ म्हणून जो फ्रिज विकतात त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. बारा महिन्यांच्या कर्जावर ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ सांगतात तेही फसवं असतं. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावतात. खरा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या अर्थविषयक पानावर दर आठवड्याला बँकांच्या ठेवींच्या व्याजदरांची चौकट असते. त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या टायपात, क्रेडिट कार्डांचे आणि वैयक्तिक कर्जांचे दरही छापाल का? आणि वार्षिक टक्क्यांच्या शेजारी एक रकाना ‘शेकडा’चाही असावा. माझ्या वयाच्या बायका आधी तोच वाचतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. – मुलाला गेल्या महिन्यात नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी आहे. पत्रात त्याचा उल्लेख आहे म्हणून नाव छापू नये.