मॅडम, आमचं थँक्यू राहूनच गेलं होतं

मॅडम, नमस्कार. तुमच्या निरोप समारंभात नाझर साहेबांनी माईक काही सोडला नाही, त्यामुळे तुम्हा जजसमोर बसून कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या आम्हा बेंच क्लार्क लोकांचं बोलायचं राहिलं, म्हणून इथे जाहीर लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते.

ई-कोर्ट्सचं सीआयएस, म्हणजे केसेसची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, आपल्या तालुका कोर्टात आलं तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. त्यात कॉम्प्युटरवर विंडोज नाही, उबुंटू! ते फुकट आहे, लायसन्सचा खर्च नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने घेतलंय हे तुम्हीच नीट सांगितलंत, नाहीतर आम्हाला वाटायचं मुद्दाम छळायला दिलंय. तुम्ही मास्टर ट्रेनर, पण पीपीटी दाखवून मोकळ्या झाला नाहीत. बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या केसेस, संपला की डायसवरून उतरून माझ्या शेजारी खुर्ची ओढायच्या, त्याच दिवसाची खरी फाईल घ्यायच्या, आणि नुसती पुढची तारीख टाकून चालणार नाही, तारीख कशासाठी तेही टाक, पुरावा की युक्तिवाद, नाहीतर केस कुठे अडकलीय ते एनजेडीजीवर, म्हणजे देशभरातल्या केसेसची आकडेवारी दाखवणाऱ्या साईटवर, कुणाला कसं कळणार, असं चालायचं, मग रोजनामा, म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद.

एकदा दरखास्तीची (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) एंट्री अडली तेव्हा तुम्ही आमच्यादेखत दुसऱ्या जिल्ह्यातल्या जज साहेबांना फोन लावलात, "तुमच्याकडे हे कसं करता हो?" जज असं उघड विचारतात हे मी एवढ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. नंतर कळलं की उत्तनच्या ज्युडिशियल अकॅडमीतल्या ट्रेनिंगपासून तुम्हा जज लोकांचा ग्रुपच आहे, रात्री उशिरापर्यंत एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवता (उत्तन समुद्राकाठी, आम्ही आपले पिकनिकच समजायचो). वरून सर्क्युलर येतात हो, पण कुठलं बटण दाबायचं ते सर्क्युलरमध्ये नसतं. आणि आमच्या अडचणी तुम्ही लिहून घेऊन वर कळवायच्या, सीआयएस बनवणारी एनआयसीची, म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटर खात्याची, टीम पुण्यातच आहे तर त्यांना कळायलाच हवं म्हणायच्या.

पूर्वी नुसती तारीख विचारायला वाडीवरून एसटीने म्हातारी माणसं यायची. आता नातू मोबाईलवर केसचा सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर टाकतो, एमएचपासून सुरू होऊन वर्षावर संपणारा, की तारीख समोर. प्रिंटर मात्र अजून तसाच रडतोय.

नवीन साहेब आलेत, चांगले आहेत, त्यांना तुमचा नंबर दिलाय. फोन येईल, उचला हं मॅडम.