विजेच्या गाडीच्या कर्जावरची वजावट: मुदत संपली, घोळ उरला

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, स.न.वि.वि.

५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आपण विजेच्या गाडीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत वजावट जाहीर केलीत. आयकर कायद्यात ती कलम ८०ईईबी म्हणून आली. कर्ज फिटेपर्यंत करदात्याचा सुमारे अडीच लाखांचा फायदा होईल, असे आपण भाषणात म्हणाला होता. अट एकच दिसत होती: कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेले हवे. घरकर्जाच्या ८०ईईए कलमाला वर्षा-वर्षाची मुदतवाढ दोनदा मिळाली. गाडीच्या वाट्याला ती आली नाही.

आम्ही लोकांची आयकर रिटर्न भरून देणारी मंडळी. मुदत संपली एवढीच आमची तक्रार असती, तर पत्र चार ओळींत आटोपले असते. पण मुदतीच्या आत बसलेल्यांनाही ही वजावट का मिळत नाही, हे टेबलाच्या अलीकडून जसे दिसते तसे आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी तारखेचे. लोक बुकिंगची पावती नाहीतर आरसीवरची तारीख घेऊन येतात. कायद्याला या दोन्हींशी देणेघेणे नाही. तो बघतो मंजुरीपत्रावरची तारीख. ३० मार्च २०२३ ला कर्ज मंजूर झाले आणि गाडी जूनमध्ये दारात आली, तर वजावट मिळते. फेब्रुवारीत बुकिंग करून बँकेने ३ एप्रिलला सही केली, तर नाही. मंजुरीपत्र सहसा कोणी जपून ठेवत नाही आणि बँकेच्या खातेउताऱ्यावर कर्ज वाटपाची तारीख असते, मंजुरीची नव्हे. शिवाय घरकर्जाचे व्याज-प्रमाणपत्र दरवर्षी आपसूक येते, वाहनकर्जाचे मागून घ्यावे लागते.

दुसरा घोळ व्याख्येचा, आणि तो जास्त नडतो. कलमानुसार गाडी फक्त विजेच्या मोटारीवर चालणारी हवी, म्हणजे हायब्रिड बाद; ते समजण्यासारखे आहे. बॅटरी गाडीतच बसवलेली हवी. आणि ब्रेक दाबल्यावर गाडीच्या गतीची वीज करणारी रिजनरेटिव्ह ब्रेकिंग यंत्रणा हवी. चारचाकीत ती असतेच. स्वस्त दुचाकीत मात्र साधा कंट्रोलर असतो. ब्रेक लावला की तो मोटारीचा प्रवाह तोडतो, बॅटरीकडे काही पाठवत नाही. अशी स्कूटर शंभर टक्के विजेवर चालते, तरी ८०ईईबीच्या व्याख्येत बसत नाही. बिलावर मोटारीचे वॅट, बॅटरीची क्षमता, चासी क्रमांक सगळे असते. रिजनरेटिव्ह ब्रेक आहे की नाही हे नसते. आरसीवरही नसते. मग पुरावा काय जोडायचा? आम्ही कंपनीचे माहितीपत्रक फाइलला लावतो आणि पुढची नोटीस येईपर्यंत देवाचे नाव घेतो.

ऑगस्ट २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीविना गाडी विकायला आणि नोंदवायला मुभा दिली. एका खात्याने बॅटरी वेगळी केली, दुसऱ्या खात्याचा कायदा ती गाडीतच बसवलेली मागतो. बदलत्या बॅटरीवर चालणारी दुचाकी घेणाऱ्याने कोणाचे ऐकायचे? बॅटरीच्या भाड्यावर तर वजावटीचा प्रश्नच येत नाही, कारण ते व्याज नव्हे.

तिसरे, कर्ज देणारा कोण. व्यापारी बँक चालते. ठेवी घेणारी वित्त कंपनी चालते, ठेवी न घेणारी असेल तर पाचशे कोटींच्या वर मालमत्ता असलेली चालते. पतसंस्था चालत नाही. महाराष्ट्रात शिक्षक, एसटी कर्मचारी, जिल्हा परिषदेचे नोकर यांची पहिली धाव पगारदार पतसंस्थेकडे असते आणि दुचाकीचे कर्जही तिथूनच निघते. त्यांना या कलमाचा काडीचा उपयोग झाला नाही. नागरी सहकारी बँकांचे तर अधांतरीच. व्याख्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ५१ कडे बोट दाखवते, सहकारी बँका येतात कलम ५६ मध्ये. एखादा अधिकारी मान्य करतो, दुसरा करत नाही.

कर्ज दुसऱ्या बँकेत वळवले तर? घरकर्जाच्या कलम २४ मध्ये जुने कर्ज फेडायला घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजाची स्पष्ट सोय आहे. ८०ईईबीत तसे शब्द नाहीत. अर्धा टक्का व्याज वाचवायला गेलेला माणूस सगळी वजावट घालवून बसू शकतो.

२०२५-२६ च्या कर निर्धारण वर्षापासून रिटर्नमध्ये बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम आणि गाडीचा नोंदणी क्रमांक भरावा लागतो. खोट्या दाव्यांना आळा बसला, हे चांगलेच झाले. पण ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरला नोंदणीच लागत नाही. तिच्या मालकाने त्या रकान्यात काय लिहायचे?

आता पैशाचे. १२ लाखांचे कर्ज, ९ टक्के, पाच वर्षे धरा. हप्ता साधारण २४,९०० रुपये. पहिल्या वर्षी व्याज एक लाखाच्या आसपास, तिसऱ्या वर्षी ६१ हजार, पाचव्या वर्षी जेमतेम १४ हजार. सगळे व्याज मिळून २ लाख ९५ हजार. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकरासह ३१.२ टक्के दराने कर वाचतो ९२ हजार रुपये. पाचही वर्षे दीड लाखाची पूर्ण वजावट घेतली तरी बचत २ लाख ३४ हजारांवर थांबते, आणि याच दराने पाचव्या वर्षीही दीड लाख व्याज पडायला कर्ज सव्वा कोटीहून मोठे लागेल. अडीच लाखांचा आकडा सामान्य गाडीवाल्याच्या हिशेबात बसत नाही.

त्यात २०२३-२४ पासून, करदात्याने वेगळे काही निवडले नाही तर नवी करप्रणालीच आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०ईईबी नाही. १५ लाख पगाराचा माणूस घ्या. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत त्याचा कर ९७,५०० रुपये. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार आणि गाडीच्या व्याजाचे एक लाख, सगळे वजा करूनही कर निघतो १,७१,६०० रुपये. घरभाडे किंवा घरकर्ज नसेल तर तो जुनीकडे ढुंकूनही बघणार नाही, आम्हीही त्याला बघू देणार नाही. त्याचा कर कमी झाला हे खरेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेट्रोलची गाडी घेतलेल्या त्याच्या शेजाऱ्यालाही तितकाच कर आहे; विजेची घेतली म्हणून वेगळे काही मिळाले नाही. ज्यांना जुनीच परवडते त्यांनी रिटर्न कलम १३९(१) च्या, म्हणजे रिटर्नच्या मूळ मुदतीत भरलेच पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी नवी प्रणाली लागू होते आणि वजावट जाते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असेल तर त्याआधी जुनी प्रणाली निवडल्याचे कळवणारा फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तो विसरणारे दरवर्षी भेटतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. विजेच्या गाडीवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे. दोघींतले अंतर दहा टक्क्यांनी घटले, म्हणून सवलतीची गरज आता २०१९ पेक्षा जास्त आहे.

आमचे मागणे असे. वजावट नको, करातूनच थेट सूट द्या. म्हणजे प्रणाली कोणतीही निवडली तरी मिळेल. व्याजाच्या वीस टक्के, कमाल ३० हजार रुपये वर्षाला, एवढे पुरे. एक लाख व्याज भरणाऱ्याला वीस हजार मिळतील, जुन्या ३१,२०० पेक्षा कमी, पण हातात पडतील. नव्या मंजुरीसाठी खिडकी पुन्हा उघडा आणि ती कधी बंद होणार हे निदान सहा महिने आधी सांगा. रिजनरेटिव्ह ब्रेकची नोंद वाहन पोर्टलवर आणि विक्री प्रमाणपत्रावर सक्तीची करा. नागरी सहकारी बँका आणि पगारदार पतसंस्था नाव घेऊन यादीत घाला.

यातल्या सूट आणि खिडकीला संसद लागेल. पण ज्यांची जुनी कर्जे अजून चालू आहेत त्यांच्यासाठी सहकारी बँक, वळवलेले कर्ज आणि वेगळी बॅटरी या तीन मुद्द्यांवर प्रत्यक्ष कर मंडळाचे दोन पानी परिपत्रक पुरेल. ते रिटर्नच्या मुदतीआधी निघावे, ही विनंती.

आपले नम्र,
आयकर रिटर्नचे काम करणारे काही करसल्लागार