‘टी प्लस वन’ला पाचपैकी एक गुण

महोदय,

वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा अद्ययावत आणि बाजाराभिमुख झाला आहे, याविषयी अधिष्ठात्यांची मुलाखत आपल्या कालच्या अंकात वाचली. वाचून आनंदच झाला असता. पण त्याच अभ्यासक्रमातील ‘गुंतवणूक विश्लेषण आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन’ या विषयाच्या माझ्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत घरात कपाटाच्या खणात आहे, आणि मुलाखत वाचून झाल्यावर ती पुन्हा एकदा बाहेर काढावी लागली.

बँकेतील 34 वर्षांच्या नोकरीनंतर मी दूरशिक्षणाने एम.कॉम.ला प्रवेश घेतला. यजमानांच्या पश्चात त्यांचे शेअर माझ्याकडे आले, ते निदान समजून सांभाळावेत एवढाच त्यामागचा हेतू होता. गेल्या वर्षीच्या परीक्षेत सौदापूर्तीवर, म्हणजे सौद्यानंतर शेअर आणि पैसे प्रत्यक्ष हाती पडण्यावर, पाच गुणांची टीप विचारली होती. मी लिहिले की, 2003 सालापासून आपल्याकडे सौद्यानंतर दोन दिवसांनी पूर्तता होत असे, ती टप्प्याटप्प्याने कमी होऊन 27 जानेवारी 2023 पासून सर्व शेअरांसाठी एका दिवसावर, म्हणजे ‘टी प्लस वन’वर (‘टी’ हा सौद्याचा दिवस) आली. परीक्षकांनी त्या ‘वन’वर लाल शाईने काट मारली, वर ठळक ‘2’ लिहिला आणि पाचपैकी एक गुण दिला. तो एक बहुधा हस्ताक्षराचा असावा.

शुल्क भरून छायाप्रत मागवली, पुन्हा शुल्क भरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला आणि त्याला माझी स्वतःची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने दिलेली सौद्याची नोंद, जोडली, जिच्यावर सोमवारची सौद्याची आणि मंगळवारची पूर्ततेची तारीख शेजारीशेजारी छापलेली आहे. दोन महिन्यांनी ‘गुणांत बदल नाही’ असे उत्तर आले. विभागात दूरध्वनी केला, तेव्हा तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने समजावले की, स्वयंअध्ययन पुस्तिकेत ‘टी प्लस टू’ आहे आणि आदर्श उत्तरे पुस्तिकेवरूनच तयार होतात. मॅडम, तुम्ही बाजारातले लिहिलेत, पुस्तकातले लिहायला हवे होते.

एका आकड्यासाठी एवढा त्रागा कशाला, असे माझा मुलगाही म्हणतो. त्याने कागदी शेअरांचा काळ पाहिलेला नाही. यजमानांनी 1993 साली घेतलेले शंभर शेअर नावावर करण्यासाठी पाठवले, ते विकणाऱ्याची सही जुळत नाही म्हणून परत आले. तो विकणारा कोण, कुठला, हे आमच्या दलालालाही सांगता येईना. सात महिने ते प्रमाणपत्र टपालातून येत-जात राहिले आणि तेवढ्या काळात भाव निम्म्यावर आला. पुढे 1996 चा डिपॉझिटरी कायदा आला, कागदाऐवजी संगणकीय नोंदीत शेअर ठेवणारे डिमॅट आले आणि पूर्ततेचा एकेक दिवस कमी होत गेला. ज्याने ते सात महिने मोजले आहेत, त्याला ‘एक’च्या जागी ‘दोन’ ही किरकोळ दुरुस्ती वाटत नाही.

बरे, पुस्तिकेतील हा एकच जुना आकडा असता तरी गप्प बसले असते. शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफा तिच्यात आजही करमुक्त आहे, जरी ती सवलत एप्रिल 2018 पासूनच गेली आणि जुलै 2024 पासून सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. आपली गुंतवणूक व्यावसायिकांकडे सांभाळायला देण्याच्या पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेसाठी किमान 25 लाख रुपये लागतात असे ती सांगते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2020 च्या नियमावलीने ती रक्कम 50 लाख केली, तीही ज्या विषयाचे नावच पोर्टफोलिओ व्यवस्थापन आहे, त्याच्या पुस्तिकेला कळू नये!

जुने ते सगळे टाकून द्या, असे मी म्हणत नाही. गुंतवणूक विभागून जोखीम कमी करण्याचे अर्थतज्ज्ञ मार्कोविट्झ यांचे 1952 चे सूत्र आजही खरे आहे. दोन शेअरांची जोखीम प्रत्येकी 20 टक्के, परस्परसंबंध शून्य (म्हणजे एकाच्या चढउताराचा दुसऱ्याच्या चढउताराशी संबंध नाही) आणि रक्कम निम्मी-निम्मी असेल, तर एकत्रित जोखीम 14.14 टक्के येते, हे गणित संपर्क सत्रात आम्ही सर्वांनी सोडवले. पण पाच साखर कंपन्यांचे शेअर घेतले तरी जोखीम फारशी का घटत नाही, हा प्रश्न ऊसपट्ट्यात बसूनही कोणी विचारला नाही. माझ्या शेजारी बसणारा मुलगा तर मधल्या सुट्टीत मोबाइलवर ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे, सौदे करत असे. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या 93 टक्के व्यक्तींनी पैसे गमावले, असे सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले आहे. त्या मुलाला पुस्तिकेतून मिळाली ती ऑप्शनच्या नफा-तोट्याची आकृती, तीही परीक्षेत पट्टीने काढायची.

अधिष्ठात्यांनी पुढची मुलाखत देण्यापूर्वी ती पुस्तिका एकदा चाळावी, एवढीच विनंती. माझे चार गुण त्यांनी ठेवून घेतले तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

ता. क. : आपणही शेअरांच्या भावांचे पान बंद करून तिथे राशिभविष्य मोठ्या अक्षरांत छापू लागला आहात. यजमान ते पान पेन्सिल घेऊन वाचत आणि मी बीटा म्हणजे काय ते शिकण्याच्या कितीतरी आधी, कोणता शेअर बाजारापेक्षा जास्त उड्या मारतो हे त्या पानावरच पाहिले होते. उत्तरपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. छापणार नसाल तर परत पाठवावी, पाकिटाला तिकीट लावलेले आहे.