पंथ सुटला तो मोबाईलमुळे नव्हे

प्रति,
मा. संपादक,

विषय: ‘मोबाईलवरच्या ग्रुपांनी पोरं पंथातून फोडली’ या वाचकाच्या पत्राबद्दल

महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पंथ सोडणारी आजकालची पोरं मोबाईलने नासवलेली आहेत. कुठेतरी ग्रुपमध्ये शिरतात, तिथे त्यांचे कान भरले जातात आणि चांगली घरं मोडतात, असा त्यांचा सूर. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं, म्हणून उत्तरही सरळच देतो.

मी पंथ सोडला १९९६ साली. तेव्हा आमच्या गावात (अमळनेर तालुका, गावाचं नाव राहू द्या) फोन होता तो पोस्टमास्तरांच्या ओट्यावर, आणि तोही पावसाळाभर मुका. माझे कान भरायला कोणी नव्हतं. मी बाहेर पडलो ते खांदा दिल्यामुळे.

कोणता पंथ, ते लिहीत नाही. नाव लिहिलं की वाद नावावर सुरू होतो आणि गोष्ट बाजूला राहते. वडिलांनी अनुग्रह घेतला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कपाशीच्या दोन सालांनी त्यांना पार मोडलं होतं. दारूकडे वळायचे ते पंथाकडे वळले, आणि त्याबद्दल मी आजही पंथाचा ऋणी आहे. हे त्या गृहस्थांनी ध्यानात घ्यावं. पहाटे चारला उठणं, अंघोळ, पाठ, ठरलेलं जेवण, ठरलेलं बोलणं. आमचं घर उभं राहिलं ते त्या शिस्तीवरच. पण त्याच वर्षी घरातली कानबाई गेली.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडी चढवून तिला मांडतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. पंथात दुसरा देव चालत नाही. आजीने नारळ फडक्यात गुंडाळून काकांच्या घरी पोचवला आणि आम्ही तिघं भावंडं त्या रविवारी दार लावून घरात बसलो. बाहेरून डफाचा आवाज येत होता. त्या पत्रात ‘घरं मोडतात’ असं लिहिलं आहे ना, आमच्या घराला पहिली चीर पडली ती त्या रविवारी. मोबाईल यायला अजून वीस वर्षं होती.

१९९६ मध्ये माझ्या मित्राचे वडील वारले. पंथाबाहेरचं घर. मी खांदा दिला, तापीवर गेलो आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मला पंगतीसमोर उभं केलं. नाक घासून चूक कबूल करायची होती. खांदाच दिला होता, चोरी केली नव्हती, असं मी म्हणालो. वडिलांनी मान वर केली नाही. त्या रात्रीपासून माझं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. आठव्या दिवशी मी भुसावळ–सुरत पॅसेंजर पकडली आणि सुरतेजवळ उधन्याला उतरलो.

तिथून पुढची आठ वर्षं मी कोणाशीच खरं बोललो नाही. लूमवर (यंत्रमागावर) आपल्याकडची माणसं पुष्कळ होती. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणे, सगळीकडची. पण त्यांना काय सांगणार? ‘घरच्यांशी पटत नाही’ एवढंच. खोलीतली पोरं अंडाभुर्जी करायची. पहिल्यांदा मी एक घास घेतला आणि मोरीत जाऊन ओकलो. अंड्यात काही वाईट नव्हतं. पहाटे चारला जाग यायची, अजूनही येते. उठून काय करायचं ते कळायचं नाही. पाठ म्हणायचा नाही आणि झोपही नाही, म्हणून पाणी भरायचो. अख्ख्या चाळीचं पाणी मी भरायचो. लोकांना वाटायचं, फार कामाचा पोरगा आहे.

तिथेच मोटार वाइंडिंग शिकलो. २००४ मध्ये अमळनेरला परतलो आणि दुकान टाकलं. जळालेल्या पाणबुडी मोटारी येतात, तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं. पंथातले लोकही मोटारी आणतात बरं का. पाणी माझ्या हातचं चालत नाही, पण पाणी ओढणारी मोटार चालते.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मला एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या डिकीत दिसली. त्यात माझं नाव नव्हतं. वडील २००९ मध्ये गेले, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्याच्या बापाला खांदा दिला म्हणून स्वतःच्या बापाला द्यायचा राहिला. यावर आणखी लिहिणं जमणार नाही.

आता ग्रुपबद्दल. २०१८ मध्ये एका मुलीने मला पंथ सोडलेल्यांच्या अशाच एका ग्रुपमध्ये घेतलं. ती जळगावात नर्स आहे, यावलकडची, वेगळ्याच पंथातून आलेली. आज आम्ही चाळीसेक जण आहोत. कोणी अहिराणी लिहितं, कोणी लेवा बोली, कोणी शाळेतलं मराठी. पंथ पाच-सहा वेगवेगळे. त्या गृहस्थांना वाटतं तशी तिथे कोणाच्या देवाची टिंगल चालत नाही. दिवसभर काय चालतं, ते सांगतो. जळगावात भाड्याने खोली कुठे मिळेल, आधी कोणाचा जामीन लागेल. वडिलांच्या रेशनकार्डावरून नाव कसं कमी करायचं, कारण तो दाखला घरच्यांशिवाय निघत नाही आणि घरचे दार उघडत नाहीत. दहावीची मार्कशीट मठात अडकली आहे, दुसरी प्रत कशी काढायची. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीच्या फलकावर लागते. ते तीस दिवस मुलीने कुठे राहायचं? धुळ्याच्या एका जोडप्याने ते दिवस माझ्या दुकानामागच्या खोलीत काढले, वार्निशच्या वासात.

आणि कानबाईच्या रविवारी, आखाजीला (अक्षय तृतीयेला), दिवाळीच्या पाडव्याला ग्रुप दिवसभर वाजत असतो. कोणीतरी अहिराणीत विचारतं, ‘जेवना का?’ म्हणजे जेवलास का? बाकीचे उत्तर देत राहतात. १९९६ मध्ये मला हे विचारणारं कोणी असतं तर आठ वर्षं अशी गेली नसती. मोबाईलचा गुन्हा असेल तर एवढाच.

पण आमचंही सगळं सोवळं नाही, तेही लिहितो. भुसावळकडचे एक गृहस्थ ग्रुपमध्ये होते, माझ्यापेक्षा वयाने मोठे. ते रोज पहाटे त्यांच्या जुन्या पंथाचा नमस्कार टाकायचे. दोन शब्द, खाली हात जोडलेलं चित्र. मी ॲडमिन. चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी त्यांना काढून टाकलं. त्या नर्स मुलीचा फोन आला. म्हणाली, “काका, ताट वेगळं करायचं तेवढं राहिलं.” मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. इतकी वर्षं माझ्या अंगातून ती पंगत गेलीच नव्हती. बटण दाबायला मला एक पळही लागलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “चार वाजता हात आपोआप जोडले जातात हो भाऊ, काय करू?” मला ते कळायला हवं होतं. तेव्हा मी पाणी भरत होतो आणि ते नमस्कार करत होते, फरक तेवढाच. आता ते परत आहेत. त्यांचा पहाटेचा नमस्कार पहिल्यांदा मीच पाहतो, जागाच असतो.

आता मुद्द्याचं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. लोकांना वाटतं तो जातपंचायतींपुरता आहे. तसं नाही, धार्मिक पंथाने टाकलेला बहिष्कारही त्यात येतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये असाच कायदा केला होता. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून माणसाला बाहेर काढणं हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असा त्या निकालाचा आधार होता. त्याचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवलं गेलं. म्हणजे पंथ मोठा की माणूस, हा सवाल दिल्लीतही सुटलेला नाही.

मी एकदा पोलिस ठाण्यात गेलो होतो, वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, हा कायदा आल्यावर. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “घरातला मामला आहे, आईला आरोपी करणार का?” मी उठून आलो. ते चूक बोलले असं म्हणवत नाही. आमच्यापैकी एकालाही आई तुरुंगात जायला नको आहे. म्हणूनच तक्रारी होत नाहीत, आणि तक्रारी नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे असा कागद वर जातो. पण त्या साहेबांनी आणि मीही तेव्हा एक गोष्ट वाचलेली नव्हती. याच कायद्यात, पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर गुन्हा आपसात मिटवता येतो आणि आरोपीला समाजसेवेचं काम देता येतं. बहिष्कारावर लक्ष ठेवायला प्रतिबंध अधिकारी नेमण्याचीही त्यात तरतूद आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो अधिकारी कोण, त्याचा नंबर काय, एवढं तुम्ही एकदा पहिल्या पानावर छापा. ही माझी विनंती आहे, आणि पत्र लिहिण्याचं निम्मं कारण तेच.

ग्रुपातला एक पोरगा इंग्रजी वाचतो. त्याने सांगितलं, हे आपल्याच नशिबी नाही. यहोवाचे साक्षीदार म्हणून ख्रिस्ती पंथ आहे, जगभर पसरलेला. तिथेही काढलेल्या माणसाशी घरचे बोलणं तोडतात. २०२४ मध्ये त्यांच्या वरिष्ठांनी एवढी सूट दिली की असा माणूस सभेला आला तर त्याला साधा नमस्कार करायला हरकत नाही. आम्ही सगळे त्यावर हसलो. मग हसू थांबलं, कारण आम्हांला तेवढाही मिळत नव्हता.

आणि आपण खान्देशी माणसांनी तरी यात नवल मानू नये. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीने ज्यांना वाळीत टाकलं, त्यांतल्या धाकट्या मुक्ताईचं मंदिर आपल्याच तापीकाठी आहे. मांडे भाजायला त्या पोरीला खापरसुद्धा मिळू दिलं नाही, ही गोष्ट खापरावरच्या पुरणपोळ्या खाणाऱ्या मुलखाला मी काय सांगावी! आज आषाढी वारीसाठी तिची पालखी निघते तेव्हा वाटेवर पाणी घेऊन उभं राहायला चढाओढ लागते.

दोन गोष्टी सांगून थांबतो. परतल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात काकांनी मला बोलावलं. कानबाई बसली होती. काकूने रोट ताटात वाढला तेव्हा मी म्हणालो, मला कसा चालेल, मी तर इतकी वर्षं बाहेरचा. काका म्हणाले, “तुझी सव्वा मूठ दरसाल काढली आहे. तुझ्या बापाचीही.”

आई आता पंचाहत्तरीची आहे. बाजाराच्या दिवशी पंथातल्या बायांबरोबर येते आणि माझ्या दुकानासमोर भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत उभी राहते. इकडे पाहत नाही. उन्हाळ्यात एकदा बाया पुढे गेल्या, ती मागे राहिली, आणि बाकड्यावर बिबड्यांच्या पापडांची पिशवी ठेवून चालती झाली. जाताना भाजीवाल्याकडे तोंड करून म्हणाली, “जेवना का रे?” भाजीवाला म्हणाला, “हो माय.” मीही म्हणालो.

आपला,
एक वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव

ता. क. माझं नाव छापू नये. आई पेपर वाचत नाही, पण तिच्याबरोबर बाजारात येणाऱ्या वाचतात.