युद्धकाळातली चांदीची नाणी आणताना

सभासदहो, रविवारी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चांदीची नाणी पाहणार आहोत. कळकळीची विनंती: नाणी घासून चकचकीत करून आणू नका. लिंबू, टूथपेस्ट, पॉलिश, काहीही नको. वर्षानुवर्षं चढलेली काळपट झाक एकदा गेली की गेलीच, आणि जाणकार नेमकी तीच शोधतो.

सहाव्या जॉर्जचा रुपया असेल तर साल बघा. १९४० मध्ये त्यातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली, वजन मात्र ११.६६ ग्रॅमच ठेवलं. त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका. कडेची खाचही भिंगातून तपासा.

अमेरिकेची १९४२ ते ४५ मधली पाच सेंटची नाणीही चालतील. मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचं मोठं पी, डी किंवा एस अक्षर असेल, तरच त्यात ३५ टक्के चांदी.

नाणी कडेने धरा.