‘ही नुसती बघता, काय बदलना नाय’ : देवगडच्या एका शाळेकडून काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच दिले नाहीत. ‘आभार कसले मानतास, पोरांचे अर्ज भरा आधी,’ म्हणालात आणि फोन ठेवलात. अर्ज भरून झाले आहेत. म्हणून आता हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. नाव घालायचं नाही ही तुमची ताकीद मी पाळते आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले आणि घरी बसून लिनक्सवाल्यांच्या अडचणी सोडवणारे काका, एवढंच लिहिते. ज्यांना तुमची मदत झाली आहे ते ओळखतीलच.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची शाळा देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला, डोंगराच्या आडोशाला. वर्गात मोबाइलला रेंज नाही. संगणक कक्षातली यंत्रं देणगीत आलेली, जुनी. त्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली आहे म्हणून ती अजून कामाची आहेत. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हापासून हा कक्ष फक्त शाळेचा राहिलेला नाही. दहावी झालेली आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं अर्ज भरायला इथेच येतात. इथे जमलं नाही तर एसटी पकडून कणकवली गाठायची, सायबरवाल्याच्या रांगेत उभं राहायचं, आणि एखादा कागद राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या घरात आई काजूच्या कारखान्यात जाते आणि बाप खलाशी म्हणून बोटीवर असतो, तिथे त्या दिवसाचा रोजही जातो.

मेअखेरच्या गडगडाटात आमचा राउटर जळला. कोकणात हे दरवर्षीचं. नवा बसवला आणि तेव्हापासून भलताच प्रकार सुरू झाला. गूगल उघडायचं, व्हॉट्सॲप चालायचं, पिंगला (लाइन जिवंत आहे का बघणारी लहानशी हाक) उत्तर यायचं, पण अर्जाचं पान काही उघडेना. पांढरा पडदा आणि वर फिरणारं चाक. तेच पान कणकवलीत व्यवस्थित उघडत होतं, म्हणजे साइट बंद नव्हती.

तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दलही लिहिणार आहे, कारण राग अजून गेलेला नाही. लाइनवाल्यांचा माणूस आला. त्याने खिशातून फोन काढला, वेगाची चाचणी लावली, काटा माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘बाई, स्पीड तर फुल येतोय, आमच्याकडून सगळं ओके.’ अर्जाचं पान त्याने एकदाही उघडून पाहिलं नाही. मी दाखवते म्हटलं तर म्हणे दुसऱ्या कंप्लेंटला जायचंय. नंतर संगणक दुरुस्तीवाले आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. ‘हे लिनक्स-बिनक्स काढून टाका, फॉरमॅट मारू, दुसरी सिस्टीम टाकून देतो.’ सगळ्या यंत्रांचा खर्चही तोंडी सांगून झाला. राउटर जळण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ह्याच लिनक्सवर हेच पान उघडत होतं, हे मी सांगत राहिले. ऐकायला कुणी नव्हतं. दोघांनाही बिघाड शोधायचा नव्हता. एकाला तो आमच्या माथी मारून निघायचं होतं आणि दुसऱ्याला त्यातून काम काढायचं होतं. मुलं बाकांवर बसून हे सगळं ऐकत होती, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आपल्या लिनक्सवाल्या मंडळींतल्या एकाने तुमचा नंबर दिला. व्हॉट्सॲप चालू होतं म्हणून त्यावरूनच कॉल लावला. तुमचं पहिलं वाक्य मला पाठ आहे : ‘आधी कायच करू नकात. पडद्यार काय दिसता ता तसाच्या तसा वाचा.’ आणि मी वाचत गेले तशी तुम्ही ऐकत गेलात. मध्ये तोडलं नाहीत, ‘ते राहू द्या, पुढचं सांगा’ म्हणाला नाहीत. आधी अशा ऐकण्याचाच पत्ता नव्हता.

मग तुमच्या ओळी येऊ लागल्या. हे पत्र खरं तर त्या ओळींसाठी आहे, म्हणजे प्रत्येक ओळीच्या आधी तुम्ही जे लिहीत होतात त्यासाठी. टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर, टाइप करायची एक कमांड आणि तिच्या डोक्यावर मालवणीत एक वाक्य. ‘ही नुसती बघता, काय बदलना नाय.’ पुढची आली, तिच्यावरही तेच. त्याच्या पुढचीवरही तेच. यंत्राचा पत्ता दाखवणारी आयपीची ओळ, रस्ता दाखवणारी, नावावरून पत्ता शोधणारी डिग, वाटेतले टप्पे सांगणारी ट्रेसराउट, जर्नलमधल्या, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीतल्या, नोंदी वाचणारी. प्रत्येकीवर तेच वाक्य. तुम्ही ते एकदाच लिहून ‘खालच्या सगळ्यांना लागू’ म्हणू शकला असतात. तसं केलं नाहीत. प्रत्येक वेळी नव्याने लिहिलंत.

ज्यांना टर्मिनलची सवय आहे त्यांना यात काय विशेष, असं वाटेल. पण माझ्यासारखीला, शाळेच्या यंत्रावर, मुलांच्या अर्जांची मुदत तोंडावर आलेली असताना, काळ्या पडद्यावरची प्रत्येक ओळ सारखीच भीतीची असते. तिथे पुसलेलं परत आणायला कचरापेटी नसते. आरएम ही पुसायची कमांड लिहिली आणि एंटर दाबलं की फाइल गेली, तो विचारत बसत नाही. कुठली ओळ निरुपद्रवी आणि कुठली घातकी हे बाहेरून कळत नाही, सगळ्या तशाच तीन-चार अक्षरांच्या. तुम्ही त्यांचे दोन भाग करून दिलेत, बघणाऱ्या आणि बदलणाऱ्या, आणि माझे हात मोकळे झाले. बघणारी असेल तर चुकीची टाइप झाली तरी फार तर एरर येईल. मग मी न विचारता पुन्हा टाइप करू लागले. मागे उभी असलेली मुलं अक्षरं सांगू लागली.

‘सुडो लागता असा दिसला की हात काढायचो आणि ओळ परत वाचायची,’ हेही तुम्हीच सांगितलंत. सुडो म्हणजे यंत्रात काहीही बदलायचा पूर्ण अधिकार घेऊन कमांड चालवणं. आता ते कक्षाच्या भिंतीवर लावलं आहे, तुमच्याच शब्दांत.

शेवटी बदलणारी ओळ आली. एकच. तिच्या आधी तुम्ही दुसरी पाठवलीत आणि म्हणालात, ‘ही परतीची. आधी ही फळ्यार लिवन घेवा. मगे दुसरी देतंय.’ मी लिहून घेतली. मग म्हणालात, ‘आणि ह्यापण नाय जमला तर मशीन बंद करून चालू करा, सगळा होता तसा.’ तो बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकणारा होता, तोही तुम्ही मुद्दाम तसा निवडला होता. कायमचा बदल नंतर, खात्री झाल्यावर. काका, मला पुढे पाठवण्याआधी तुम्ही माझ्या परतीची सोय केलीत. मी पन्नाशीची बाई आहे, नोकरीत खूप प्रशिक्षणं झाली. असं कुणी शिकवलेलं मला आठवत नाही.

बिघाड काय होता तो थोडक्यात, कारण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. इथरनेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरून, एका वेळी जास्तीत जास्त 1500 बाइटांचं पाकीट जातं. आमची लाइन पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीवर आहे आणि ती पद्धत स्वतःच्या शिक्क्यासाठी त्यातले 8 बाइट घेते, उरतात 1492. जुना राउटर हे सांभाळून घेत होता, नवा घेत नव्हता. लहान पाकिटं सुखरूप जात होती, म्हणून पिंग आणि व्हॉट्सॲप ठीक. अर्जाच्या साइटकडून भरगच्च पाकिटं यायला लागली की ती वाटेत अडत, आणि ‘मोठं होतंय, लहान करून पाठव’ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता. तुम्ही पिंगलाच आकार द्यायला लावलात, तुकडे न करता पाठव म्हणून बजावायला लावलात. 1472 ला उत्तर नाही, 1464 ला लगेच उत्तर (1492 चे 1464 कसे, ते शेवटी लिहिलं आहे). तुम्ही फोनवर ‘गावला!’ म्हणून ओरडलात तो आवाज वर्गभर ऐकू गेला. मग पाकिटाची मर्यादा 1492 वर आणणारी ती बदलणारी ओळ टाकली आणि अर्जाचं पान झर्रकन उघडलं. मुलांनी बाक वाजवले. मी त्यांना गप्प केलं नाही.

आठ बाइट, काका. त्यांच्यासाठी आमच्याकडून सगळी यंत्रं पुसून घेतली जाणार होती.

ती सगळी बैठक तुम्ही सुरुवातीलाच ‘स्क्रिप्ट’ ही कमांड देऊन फाइलमध्ये उतरवून घ्यायला लावली होती. त्या वेळी मला कळलं नव्हतं कशाला. आता तिची छापील प्रत वर्गात आहे आणि नववीची मुलं ती ओळीने वाचतात. नेट बंद असताना मदत कुठे शोधायची, या माझ्या प्रश्नाला तुम्ही ‘मशीनीतच आसा’ म्हणून मॅन पानं, म्हणजे यंत्रातच असलेली कमांडांची माहितीपुस्तिका, उघडायला लावलीत, ती तर आमच्यासारख्यांसाठीच लिहिल्यासारखी. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावर वीज नव्हती, फोन नव्हते. नेटवर शोधून बघा हा सल्ला इथे कायम कामाला येत नाही.

त्यातल्या काही पानांच्या तळाशी ‘बग्ज’, म्हणजे दोष, असा मथळा असतो, तो मुलांनी मला दाखवला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतलं त्या जुन्या प्रणालीचं, पहिलं मॅन्युअल 3 नोव्हेंबर 1971 चं, त्यातही हा मथळा होता. आपण लिहिलेल्या प्रोग्रामचे दोष आपणच, त्याच पानावर, वापरणाऱ्याला सांगून ठेवायचे. ‘आमच्याकडून सगळं ओके’ ऐकून आलेल्या मला हे वाचून भरून आलं. पिंगसुद्धा असाच. माइक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर 1983 मध्ये, अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून, एका संध्याकाळी तो लिहिला आणि सगळ्यांना मोकळा दिला. पाणबुडीच्या सोनारसारखी हाक मारायची आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. आमच्या वर्गातल्या बोटवाल्यांच्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही, त्यांच्या बोटीवर मासे शोधायचं यंत्र तेच करतं. तो माणूस 2000 साली गेला. त्याच्या त्या एका संध्याकाळीमुळे आमच्या पोरांचे अर्ज वेळेत गेले. त्याला कळवता येत नाही, तुम्हाला येतं, म्हणून तुम्हाला कळवते.

आणखी एक गोष्ट लिहायची राहते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मागे कुणाकडे तरी साधी शंका विचारली होती, डिस्क भरली आहे, जागा कशी करू. समोरच्याने गंमत म्हणून त्याला सगळं पुसणारी ओळ दिली. पोराने विश्वासाने ती टाकली. सगळी यंत्रणाच मुळापासून पुसायला लावणारी ओळ असती तर आजकालचा आरएम निदान अडून बसतो. ही नुसती घरच्या फोल्डरची होती, ती चालली. त्याच्या आजोबांच्या दशावताराची ध्वनिमुद्रणं होती त्यात. तो पोरगा त्यानंतर टर्मिनलला हात लावत नव्हता. जाणत्या माणसाने नवख्याची अशी थट्टा करणं मला चोरीपेक्षा वाईट वाटतं, कारण नवखा आपलं घर उघडं ठेवून तुमच्याकडे आलेला असतो. तुम्ही आमच्याशी बोलत होतात त्या दिवशी हा पोरगा योगायोगाने शाळेत आला होता. मागच्या बाकावर बसून त्याने तुमची प्रत्येक ओळ ऐकली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या यंत्रांवरचं काम त्याने केलं. प्रत्येक ओळीआधी तो लहान मुलांना विचारत होता, ही बघता काय बदलता?

काका, तुमच्या हुशारीचं कौतुक बाकीचे करतीलच. हुशार माणसं मला बरीच भेटली. तुम्ही आमची यंत्रं दुरून ताब्यात घेऊन पाच मिनिटांत हे करून मोकळे झाला असतात, मी तसं सुचवलंही होतं. ‘नको, हात तुमचेच लागूक व्हये,’ म्हणालात. मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टर कुरकुरायला लागला, व्हॉट्सॲप तुटलं. परत लागलं तेव्हा तुम्ही जिथे थांबलो होतो तीच ओळ वाचून दाखवलीत. घड्याळाचा उल्लेख नाही, पैशाचा नाही. मानधनाचं विचारलं तर रागावलात. त्यामुळे चतुर्थीला मुलं तुमच्याकडे येतील तेव्हा करंजीचा डबा घेऊन येतील, तो मात्र परत पाठवू नका.

तुम्ही जाता जाता गणित घालून गेलात ते मी दुसऱ्या दिवशी तासाला घेतलं. 1464 कुठून आला ते दहावीच्या मुलींनी लगेच काढलं : 1500 मधून पीपीपीओईचे 8, आयपीच्या शीर्षकाचे (पाकिटावरच्या पत्त्याचे) 20 आणि पिंगचे स्वतःचे 8 वजा. तुमचा दुसरा प्रश्न, लाइन आयपीव्ही6 वर (पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर) असेल तर किती, यावर जरा वाद झाला. त्यांनी मॅन पान उघडलं, मग पुस्तक शोधलं, शीर्षक 40 बाइटांचं धरलं. उत्तर 1444 आलं आहे. बरोबर असेल तर पुढचं गणित पाठवा. या वेळी मुलींचं म्हणणं आहे की जरा कठीण असावं.

तुमची नम्र,
संगणक कक्षातल्या बाई आणि सगळी मुलं