दहावीनंतर मुका झालेला तबला

माननीय संपादक महोदय,

दहावीला शास्त्रीय वादनाचे वाढीव गुण पदरात पडले की अनेक घरांतला तबला गवसणीत जातो, तो बहुधा कायमचाच. गुणांसाठीच मुलांना शिकवणीला धाडणाऱ्या पालकांविषयी न बोललेलेच बरे. काही वर्षांनी पुन्हा वाजवावेसे वाटते, तेव्हा तबल्याला ताण देणारी चामड्याची वादी सैल पडलेली असते, वरच्या काळ्या शाईला तडे गेलेले असतात आणि बोटांना जुना वेग साधत नाही म्हणून उत्साह मावळतो. अशा वेळी परीक्षेतले कायदे-रेले या ठरीव रचना घोकत बसण्यापेक्षा आधी पुडी, म्हणजे तबल्यावरचे चामडे, बदलून तबला सुरात लावून घ्यावा आणि जवळच्या भजनी मंडळात साध्या ठेक्याने साथ करावी. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गाणाऱ्याची मान डोलली की हात आपोआप मोकळा होतो. संगीत विद्यालयांनीही अशा परतणाऱ्या वादकांसाठी परीक्षेविना वर्ग सुरू करावेत.

आपला,
एक तबलाप्रेमी वाचक, सातारा